आवडतीचं पुढं काय झालं

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी सगुणाबाईंची दाढ सुजली आणि तिथून सगळा घोटाळा झाला. सोमवारची कहाणी सांगायचा मान गावात त्यांचा. पण गाल असा फुगला होता की तोंडातून शब्द फुटेना. दिवसभर उपाशी असलेल्या बाया कारभारीच्या ओसरीवर मुठीत अक्षता धरून बसल्या होत्या. कहाणी पुरी झाल्याशिवाय उपास सुटणार नव्हता. सगुणाबाईंनी एका हातानं गाल धरला आणि दुसऱ्या हाताचं बोट झुंबरबाईकडे केलं.

झुंबरबाई ही कारभारीची दुसरी बायको. पहिली, द्वारकाबाई, खांबाला टेकून बसली होती. तिला मूल झालं नाही म्हणून झुंबरबाईला आणलं, आणि आता झुंबरबाईचीही कूस रिकामीच होती. दोघींचं बोलणं कामापुरतं. मीठ दे, शेण काढ, एवढंच.

"मला न्हाई येत, मावशी," झुंबरबाई म्हणाली.

"न्हाई कशी? दर सालाला ऐकून राह्यलीस," पुष्पाबाई खेकसली. "सांग जल्दी. पोटात कावळे ओरडून राह्यले."

झुंबरबाईनं सुरुवात केली. राजाला दोन राण्या, एक आवडती, एक नावडती. नावडतीच्या अंगावर फाटकं लुगडं, ताटात उष्टं, आणि दिवसभर गुरांमागं रानात. दर वर्षी हा भाग आला की बाया द्वारकाबाईकडे बघून डोळे पुसत, आणि आवडतीचं नाव निघालं की झुंबरबाईकडे बघत. आजही बघितलं. नावडतीनं शिवामूठ वाहिली, तिला देव पावला, राजा स्वतः रानात आला आणि तिला पालखीत बसवून वाड्यावर घेऊन गेला. आता शेवटचं एक वाक्य उरलं होतं. बायांनी अक्षता वाहायला हात पुढं केले. झुंबरबाई तिथंच अडली.

"मंग?" पुष्पाबाई म्हणाली.

"मंग आवडती दारात उभी राह्यली. तिला कोणी सांगितलं बी न्हाई. पालखी आली तव्हा कळलं." झुंबरबाईचा आवाज चढला. "तिनं काय केल्तं? बापानं दिली, राजानं आणली. आवडती हे नाव काय तिनं ठिवल्तं?"

"हे कहाणीत न्हाई."

"न्हाईच तर! तिचं पुढं कायच न्हाई!"

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. शेजारच्या गयासोद्दीनची बायको मैमूना दर श्रावणात भिंतीपलीकडून कहाणी ऐकायची. तिनं मुंडकं वर काढलं. "अगे झुंबर, सच्ची तो बोली. उसका क्या हुआ, वो तो बोल."

झालं, वाद पेटला. एक म्हणाली, तिला गुरांमागं धाडा. दुसरी म्हणाली, माहेरी गेली असंल. "भावजयी ठिवून घेतील व्हय?" तिसरीनं विचारलं आणि आपल्याच भावजयीचं गाऱ्हाणं सुरू केलं. सगुणाबाई हातवारे करून काहीतरी सांगत होत्या, पण ते कुणाला कळेना. दिवस मावळला. गावात एकही चूल पेटली नव्हती. कामावरून आलेले गडी अंगणाबाहेर जमून खाकरू लागले. संपवल्याशिवाय उठायची कुणाची छाती नव्हती, आणि संपवायचं कसं ते कुणाला माहीत नव्हतं.

तेवढ्यात कारभारी आला. निजामाच्या तहसिलीत दाव्याची पेशी आहे असं सांगून तो पहाटेच परतूरला गेला होता.

"अजून चूल थंडी? काय लावलंय हे?"

"आवडतीचं काय झालं ते ठरना," पुष्पाबाई म्हणाली.

"व्हायचंय काय?" कारभारी भुकेनं कावला होता. "राजानं तिसरी केली. दोघी राह्यल्या कोपऱ्यात. झाली कहाणी, उठा!"

ओसरीवर कुणी हललं नाही. आपण काय बोललो ते कारभारीला जरा उशिरा कळलं.

"कुठली?" द्वारकाबाईनं विचारलं.

"काय कुठली?"

"तिसरी."

कारभारीनं पागोटं काढलं, झटकलं, पुन्हा डोक्यावर ठेवलं. "वाटूरची," तो खाली बघत म्हणाला. "आजच पाहून आल्तो. लई गरीब घर हाय बिचाऱ्यांचं."

बायांनी गुपचूप अक्षता वाहिल्या आणि आपापल्या घरी गेल्या. मैमूनाही भिंतीआड झाली. झुंबरबाई मात्र मूठ मिटून बसून राहिली.

द्वारकाबाई तिच्यापाशी आली. "तुला आणली तव्हा मी बी उपाशी पडून राहिल्ते," ती म्हणाली. "लगीन थांबलं न्हाई. ऊठ, पीठ मळ."

कारभारी ओट्यावर बसला. आत भाकरी थापल्याचा आवाज आला, खरपूस वास आला. आता हाक मारतील, मग मारतील, म्हणून तो वाट बघत राहिला. शेवटी आपणच आत गेला. दोघी एकाच ताटात जेवून उठल्या होत्या आणि द्वारकाबाई ते ताट घासत होती. दुरडी रिकामी होती.

"माझी भाकर?"

"वाटूरहून यील की," द्वारकाबाई म्हणाली.

झुंबरबाईला हसू फुटलं. ते दाबायला तिनं पदर तोंडाशी नेला, मग तो डोळ्यांपर्यंत गेला आणि कितीतरी वेळ खाली आलाच नाही.