गवळ्याचं कुत्रं

"जलमभर म्हशी पळवल्या, एवढंसं कुत्रं पळवायला काय लागतंय?" हंबीरराव गवळी फोनवर पोराला म्हणाले, आणि तिथंच फसले.

पोरगा उदयसिंह पुण्याला. चैत्रात हंबीररावांच्या बायको, बाळाबाई, गेल्या. धारा काढायला घरात दुसरं कोण उरलं नाही, म्हणून त्यानं बापाला सातही म्हशी विकायला लावल्या. मग रिकाम्या गोठ्याकडं बघत बसलेल्या बापाची कीव येऊन आपला रॉकी आणून सोडला. काळंपांढरं, मेंढरं वळायच्या जातीचं कुत्रं.

"आबा, ह्याला रोज दोन तास पळवायला लागतंय. न्हायतर घर फाडून ठेवतंय."

दोन दिवसांत हंबीररावांचे गुडघे बोलायला लागले. मग त्यांनी गवळ्याची अक्कल चालवली. दिवाळीच्या पाडव्याला म्हैस पळवतात तसं मोटरसायकलचा सायलेन्सर काढला आणि रॉकीला हाळी दिली. म्हैस बिचारी मालकाच्या गाडीमागं निमूट पळते. हे बेणं कसलं मागं राहतंय! पुढं, मागं, गाडीभोवती गोल, आणि शेवटी हंबीररावांनाच वळवून गोठ्यात आणून घालायचं. कोण कुणाला फिरवतंय, गल्लीला कळेना.

एका गल्लीत मात्र ते गाडी घालत नसत. त्यांची लाडकी म्हैस गजरी तिथं, तिला विकत घेतलेल्या मल्लाप्पाच्या दावणीला होती. मल्लाप्पानं हात जोडून सांगितलं होतं, "मामा, राग मानू नका. तुमचा आवाज आला की ती पान्हाच सोडत न्हाय. तिला जरा विसरू द्या." हंबीररावांनी शब्द दिला होता. त्या शब्दापायी ते रोज लांबचा वळसा घेत.

पाडवा आला. शिंगं रंगवून, गळ्यात माळा घालून म्हशी रस्त्यावर निघाल्या. गजरी दारावरनं जाणार, म्हणून हंबीररावांनी रॉकीला बांधलं आणि स्वतःला घरात कोंडून घेतलं. बाहेर गाड्या फटफटल्या, हलग्या वाजल्या. एवढ्या म्हशी मोकळ्या पळताना बघून रॉकीचं डोकं फिरलं. त्यानं दोरी तोडली.

धा मिनिटांनी बोंब उठली, "आरं, म्हशी कुठं चालल्या?"

हंबीरराव मागच्या दारानं गोठ्यात आले. आत पाच म्हशी. दारात रॉकी जीभ काढून बसलेला, मोठं काम केल्यासारखा. चार म्हशी बावरून उभ्या होत्या. पाचवी सरळ आपल्या जुन्या गव्हाणीपुढं जाऊन थांबली होती. त्यांना बघून ती हंबरली.

त्यांनी आत निघून जायला पाहिजे होतं. गेले नाहीत. बाळाबाईंच्या मातीला डोळ्यातनं टिपूस न काढलेला माणूस, गजरीच्या कपाळाला कपाळ लावून हुंदके देऊन रडला.

मालक भांडायला आले ते दारातच थबकले. चौघांनी आपापली म्हैस नेली. गजरी हलेना. मल्लाप्पानं ओढलं, ढकललं, उसाचं वाडं दाखवलं. शेवटी म्हणाला, "मामा, तुम्हीच चला की."

हंबीररावांनी गाडी चालू केली. गजरी त्यांच्यामागं पळत निघाली, दर पाडव्याला निघायची तशीच, मान वर करून. ती त्यांच्या भरवशावर आली आणि त्यांनी आपल्या हातानं तिला दुसऱ्याच्या दाव्याला बांधलं.

"फसवलं की रं मी तिला," ते म्हणाले.

मल्लाप्पानं गजरीच्या पाठीवर हात ठेवला. "मामा, आता महिनाभर तरी हिकडं येऊ नका."

"न्हाय येत. कुत्रंबी बांधून ठेवतो."

तिसऱ्या दिवशी ऐन धारंच्या वेळेला हंबीरराव मल्लाप्पाच्या गोठ्याच्या दारात उभे.

"मामा, काय ठरलंतं आपलं?"

"मी कशाला येतोय? कुत्र्याला फिरवायला निघालतो. त्यानंच ओढत आणलं हिकडं. त्याला काय सांगायचं, मुकं जनावर."

मल्लाप्पानं त्यांच्या पायापाशी बघितलं, मग गल्लीत वाकून दोन्हीकडं बघितलं.

"कुत्रं कुठं हाय, मामा?"

हंबीररावांनी खाली बघितलं. हातात नुसता पट्टा होता. कुत्रं घरी बांधलेलं होतं.