खोलीचं उद्घाटन

नवोदित कलावंतांसाठी संस्थेने एक खोली मोकळी केली आणि ती पहिली मिळाली एका शिल्पकार मुलीला. पोरगी हरखून गेली. घरी पाय ठेवायला जागा नाही, तिथे माती कुठे कालवणार? इथे तिने मांडी घालून बसलेल्या आईची माणसाएवढी मूर्ती घडवली. आता फक्त चेहरा पुरा करायचा, साचा काढायचा आणि आयुष्यातल्या पहिल्या प्रदर्शनात मांडायची. तोवर रोज ओली फडकी गुंडाळायची, नाहीतर माती तडकते.

आणि एके सकाळी दाराला कुलूप!

"अहो, खोलीचं उद्घाटनच राहिलं की!" सचिव कपाळाला हात लावून म्हणाले. "अध्यक्ष फीत कापतील. तोवर आत कुणी जायचं नाही."

"साहेब, माती सुकेल हो. फडकी भिजवते नि लगेच बाहेर येते."

"मग उद्घाटन कसलं? आणि हे सगळं तुमच्यासाठीच चाललंय ना?"

कुणी जायचं नाही म्हणजे फक्त तिने. रंगारी आत जाऊन आले, गालिचेवाले जाऊन आले. अध्यक्ष तेवढे परगावी. परतले, तर सर्दी. शेवटी पोरीने माळ्याची नळी घेऊन खिडकीच्या फटीतून फवारा मारला. मूर्तीवर थेंब पडेल तर शपथ. नवा गालिचा मात्र चिंब! तो वाळवायला समारंभ पुढे ढकलला आणि आत दिवसरात्र पंखे लावले. झालं, मातीचं उरलंसुरलं पाणीही गेलं.

अखेर फीत कापली. आत मूर्तीची मान तुटून डोकं मांडीत पडलेलं. पोरीला रडू आवरेना.

"ही मी का गं?" शेजारी उभ्या आईने विचारलं.

"होतीस."

अध्यक्षांनी मूर्तीभोवती एक फेरी मारली. "काम अर्धवट राहिलेलं दिसतंय. म्हणूनच मी म्हणतो, या मुलांना हक्काची जागा मिळाली पाहिजे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या गडबडीत सचिवांनी तिच्या हातात किल्ली ठेवली. "आता लागा नेटाने कामाला. तेवढी माती आत आणू नका हं, गालिचा खराब होईल."

आईने तुटलेलं डोकं पदरात घेतलं.

"चल घरी. माझी खाट बाहेर काढू."