कानाझावा, पायी

"जपानात टॅक्सी बंद. कानाझावा शहर आपण पायी बघायचं!" मी दुबईत, अल कुसैसच्या आमच्या हॉलमध्ये जाहीर केलं. मुलांनी मोबाइलमधून मानही वर केली नाही.

माझी सतरा वर्षांची व्हिवियन ऑगस्टमध्ये कॉलेजसाठी कॅनडाला निघणार. दुबईच्या उन्हात आमचं चालणं म्हणजे लिफ्टपासून पार्किंगपर्यंत. मुलीबरोबर शेवटचं कधी चाललो, आठवेना. (बायकोला, म्हणजे जीनला, आठवलं : नर्सरीत. तेव्हाही मी तिला कडेवर घेतलं होतं.)

कानाझावात पहिल्याच सकाळी जीन पाय धरून हॉटेलवर थांबली. व्हिवियन आणि चौदा वर्षांचा अँड्र्यू माझ्या पन्नास पावलं पुढे.

"अरे, हळू चला!"

"डॅडा, वी आर वॉकिंग स्लो!"

एका खिडकीतली झोपलेली मांजर बघायला थांबलो, तेवढ्यात दोघं गायब. समोर कापडी पडदा लावलेलं दार होतं. मला वाटलं, रेस्टॉरंट. (वीस वर्षं हॉटेल लाइनमध्ये आहे, मला कळणारच.) बूट काढून आत जाऊन बसलो. एक आजीबाई क्षणभर बघतच राहिल्या, मग वाकून नमस्कार करून चहा घेऊन आल्या. मी खुणेनं मेन्यू मागितला. त्यांनी फोटोंचा आल्बम आणला.

तेव्हा कुठे ट्यूब पेटली. हे त्यांचं घर होतं!

उठणार कसा? आजी एकेक पान उलटत होत्या. दोन पोरं मोठी होत गेली, फोटो कमी होत गेले, शेवटची पानं कोरी. मी मोबाइलमधली नर्सरीतली व्हिवियन दाखवली. त्या काहीतरी हळू बोलल्या. "हो ना, आजी," मी म्हणालो. मग डोळ्यांत आलेलं पाणी लपवायला खुणेनंच बाथरूम विचारलं आणि तिथल्या सपाता पायात सरकवून आत शिरलो.

तेवढ्यात बाहेरच्या दारातून हाक आली, "डॅडा!" मोबाइलवर माझं लोकेशन शोधत दोघं पोचली होती. व्हिवियनचा चेहरा पांढराफटक. मी तसाच धावलो, आजींना नमस्कार केला आणि बाहेर पडलो.

"नेव्हर डू दॅट अगेन!" म्हणत तिनं माझा हात घट्ट धरला. तो सोडलाच नाही. आम्ही नदीपर्यंत तसेच चालत गेलो. येणारे जाणारे आमच्याकडे बघून हसत होते. बापलेकीचं प्रेम कुठल्याही देशात कळतं, मला भरून आलं.

"डॅडा," अँड्र्यू माझ्या पायांकडे मोबाइल धरून म्हणाला, "युअर स्लिपर्स... इट सेज 'टॉयलेट'."