फक्कीचं हाँगकाँग

गुरुपादप्पांकडे जाताना भिंतीतून आत शिरायचं नाही, हे आता आमच्या गल्लीतल्या शेळ्यांनाही कळलंय. मला कळायला जरा वेळ लागला. मी शिक्षक आहे.

झालं असं, की एका रविवारी सकाळी मी त्यांच्या घरामागच्या मोकळ्या प्लॉटमधून नेहमीसारखा पेपर मागायला निघालो होतो. प्लॉटच्या मधोमध अप्पा स्टुलावर बसले होते. अंगात पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, कपाळावर विभूतीचे पट्टे. मला बघून त्यांनी हात वर केला.

"मास्तर, भिंतीतून कामून यायलाव?"

मी खाली बघितलं. पायाखाली पांढरी रेघ होती. कबड्डीचं मैदान आखतात तशा फक्कीच्या रेघा सगळीकडे मारलेल्या होत्या.

"दरवाजा तिकडं हाय," अप्पा म्हणाले. "आन् आदी तिथं लिंबाखाली उभारा. लिफ्ट यायलीय."

मी मुकाट्याने कडुलिंबाखाली जाऊन उभा राहिलो. तिथे आमचा दूधवाला आधीपासूनच कॅन घेऊन उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे बघितलं. "वरचा मजला हाय सर, टाइम लागतो," तो म्हणाला.

गुरुपादप्पांची एकुलती एक लेक भाग्यश्री हाँगकाँगला असते. नोकरीही तिथेच. नवरा कंपनीच्या कामासाठी महिन्यातले बरेच दिवस दुसऱ्याच देशात. आई, म्हणजे आमच्या महादेवीकाकू, गेल्यापासून भाग्या वडिलांच्या मागे लागली होती, की अप्पा, औराद सोडा आणि कायमचे माझ्याकडे या. अप्पांनी जन्मभर सीमेवरच्या या औरादच्या बाजारात कापड विकलेलं. दुकान आता पुतण्या बघतो, पण अप्पांच्या अंगातलं दुकान काही बंद झालेलं नाही. "हाताला लागल्याबिगर कापड घ्यायचं न्हाई," हा त्यांचा धर्म. मग अख्खा देश न बघता कसा घेणार? म्हणून त्यांनी लेकीचा फ्लॅट आहे तेवढ्याच मापाचा आपल्या प्लॉटमध्ये आखून घेतला होता आणि त्यात राहून बघायला सुरुवात केली होती. फक्की आमच्या शाळेची. कशाला हवी हे न विचारता मीच दिली होती.

अप्पांचं पेटंट वाक्य एकच. "मापात बोला." पाऊस फार झाला म्हटलं, तरी "मापात बोला, किती झाला?" आमदार चांगला आहे म्हटलं, तरी "मापात बोला." त्यामुळे भाग्याने घराचा नकाशा पाठवला तेव्हा त्यांनी तो डोळ्यांसमोर न धरताच बाजूला ठेवला. "बिल्डरचा कागद म्हंजे दुकानातल्या बाहुलीला नेसवलेली साडी. बाहुलीला सगळंच बसतंय," ते मला म्हणाले. मग त्यांनी व्हिडिओ कॉलवर लेकीला कामाला लावलं. ती बिचारी सुट्टीच्या दिवशी हाँगकाँगच्या भिंतींवरून वीत वीत हात सरकवत चालली, आणि अप्पा इकडे आपल्या वितीने तेवढंच मोजून रेघा मारत गेले.

घर झकास निघालं. खाट मावली, ट्रंक मावली, स्टूल ठेवून वर पाय पसरायलाही जागा उरली. "लोकं उगीच बदनाम करतेत," म्हणत अप्पा बाजारभर सांगून आले, की हाँगकाँग एवढं काही अरुंद नाही.

दोन दिवसांनी आमची सौ. त्यांना शेंगदाण्याची पोळी द्यायला गेली. लिफ्टने गेली, दारातून आत शिरली, सगळं रीतसर. तिने ताट पुढे केलं आणि अप्पा ताटाऐवजी तिच्या हाताकडे बघत राहिले.

"पोरी, वीत टाक बगू," ते म्हणाले. तिने टाकली. शेजारी अप्पांनी आपली टाकली. अप्पांचा हात म्हणजे गठ्ठे उचलून उचलून फावड्याएवढा झालेला. त्यात तिची वीत बरीच आत राहिली.

"भाग्याची बी येवढीच," अप्पा खाली बसत म्हणाले. "मेलो की मास्तरीणबाई."

गिऱ्हाइकाने घरून हाताने मोजून आणलेलं माप कधी धरायचं नाही, दुकानाच्या गजानेच मोजायचं, हे दुकानातल्या पोरापोरांना शिकवलेला माणूस घरच्याच गिऱ्हाइकाकडून फसला होता. मग आमच्या सौ.ने पदर खोचून, गुडघ्यांवर रांगत, आपल्या वितीने अख्खं हाँगकाँग पुन्हा मोजलं. संध्याकाळी उठली तेव्हा तिला सरळ उभं राहता येत नव्हतं. घर मात्र आटून गेलं होतं. कापड पहिल्याच धुण्यात आटतं तसं. खाट भिंतीतून बाहेर आली होती. अप्पा तिच्यावर आडवे झाले आणि आभाळाकडे बघत म्हणाले, "डोस्कं लेकीच्या घरात हाय, पाय शेजाऱ्याच्या."

तिथून पुढे सगळं मापात सुरू झालं. न्हाणीत वळायचं तर आधी बाहेर येऊन वळायचं आणि मग उलटं आत जायचं, हे त्यांनी शोधून काढलं. कपाटाचं दार उघडलं की माणसाने घराबाहेर जायचं, हेही. एकदा शेजारची म्हैस येऊन नेमकी बेडरूममध्ये बसली, तर अप्पा हॉलमध्ये अंग चोरून उभे राहिले आणि मला म्हणाले, "जावई आलाय समजा. आता मी कुठं जावं?" हा प्रश्न त्यांनी खरोखर विचारला होता. मी हसलो, ते हसले नाहीत.

मग आवाजाचा सराव. तिकडे भिंती पातळ, शेजारी नाजूक, त्यामुळे हळू बोलावं लागतं, असं भाग्या म्हणाली होती. आमच्या औरादेत हळू बोलणं म्हणजे आजारपण किंवा लफडं. अप्पा सोमवारभर बाजारात कुजबुजत फिरले, तर मंगळवारी सकाळपर्यंत निम्मा बाजार त्यांची तब्येत विचारायला दारात. हॉटेलवाले पाशाभाई तर काढा घेऊन आले. "क्या हुआ अप्पा, गला बैठ गया क्या?" अप्पा कानाशी जाऊन म्हणाले, "हाँगकाँग जायलो." पाशाभाईंनी काढा स्वतःच पिऊन टाकला.

सल्ला तर ते वाटेल त्याला विचारायचे. कन्नड बोलणाऱ्याला कन्नडमध्ये, पाशाभाईंना दखनीत, मला मराठीत. आणि सकाळी एक, संध्याकाळी दुसरं. सकाळी "जातोच", संध्याकाळी "मरतो इथंच". तिथे सगळंच महाग. लिंबू तर एकेक सुटं, कागदात गुंडाळून विकतात आणि भाव ऐकून घेरी येते, असं भाग्याने एकदा सांगितलं. तेव्हापासून अप्पा आमच्या आठवडी बाजारात लिंबंवालीशी फार आदराने बोलू लागले. लिंबू उचलून बघायचे, हुंगायचे, आणि घेतलं नाही तरी अलगद जागेवर ठेवायचे. लिंबंवालीला वाटलं अप्पांना भानामती झालीय.

हे सगळं सांगताना मजा वाटते. पण रोज सकाळी दहा-साडेदहाला भाग्याचा फोन यायचा, तेव्हा मजा जरा विरून जायची. तिकडे तेव्हा जेवणाची सुट्टी असावी. ती फार बोलायची नाही. "अप्पा, बाजार दाखवा की," म्हणायची. मग अप्पा फोन हातात उंच धरून गावभर चालायचे. ज्वारीच्या राशी, चुरमुऱ्यांचे ढीग, आमच्या शाळेचं पत्र्याचं फाटक. कधी चिंताकीच्या रस्त्याला त्यांच्या शेतात जाऊन तुरीच्या फुलांवर फोन धरायचे. तिकडून काही आवाज यायचा नाही. "दिसायलंय का गं?" अप्पा विचारायचे. "दिसायलंय," ती म्हणायची. "तसंच धरा जरा." हात भरून यायचा, पण ते धरून उभे राहायचे. एकदा मी त्यांचा हात खालून धरला होता, म्हणून मला माहीत.

शेतातल्या बांधाशी महादेवीकाकू आहेत. अप्पांच्या समाजात जाळत नाहीत. मातीत मांडी घालून बसवतात, आणि वर समाधी बांधतात. काकूंच्या शेजारची जागा अप्पांनी स्वतःसाठी रिकामी ठेवलीय. तिथे ते पेरू देत नाहीत. पुतण्याने एकदा त्यात मिरचीची चार रोपं लावली, तर उपटायला लावली. एकदा फोनवर त्यांनी भाग्याला विचारलं होतं, "तिकडं माणूस गेल्यावर कुठं ठेवतेत?"  भाग्या म्हणाली, तिथे जिवंत माणसालाच जागा नाही, मेलेल्याला कुठली? जाळतात, आणि राख ठेवायच्या कोनाड्यासाठीसुद्धा ताटकळत राहावं लागतं. "असं कामून विचारायलाव अप्पा?" अप्पा म्हणाले, "माप घ्यायलो."

त्या दिवसानंतर मला वाटलं, हे काही जात नाहीत. आणि मला बरं वाटलं. सरळ सांगून टाकतो, ते जाऊ नयेत असंच मला वाटत होतं. मी मूळचा निर्णा गावचा. बदलीने औरादला आलो तेव्हा या गावात मला पहिल्यांदा "जेवलाव का?" असं अप्पांनी विचारलं होतं. ते गेले, तर मी पेपर मागायला कुणाकडे जाणार? पेपर मला विकतही घेता येतो, पण तो मुद्दा नाही.

गेल्या महिन्यात त्यांचे तिकडे राहायचे कागद मंजूर होऊन आले. आता तिकीट काढू का, हे भाग्याला रविवारी सांगायचं होतं. मी दुपारीच गेलो. लिंबाखाली थांबलो, लिफ्ट आली असं मनाशी धरलं आणि दारातून आत शिरलो.

अप्पा स्वयंपाकघरात होते. म्हणजे फक्कीच्या रेघांमध्ये, भिंतीकडे तोंड करून उभे होते. एका हातात ताट, दुसऱ्या हाताने भाकरी मोडत होते. गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय आणि पाटावर मांडी घातल्याशिवाय या माणसाच्या तोंडात घास गेलेला मी कधी बघितला नव्हता. भर उन्हात, उभ्याने, ते जेवत होते.

"अप्पा, हे काय करायलाव?"

त्यांनी मान वळवली नाही. "बगायलो."

"काय बघायलाव?"

"सगळीकडं बसून बगितलो मास्तर. हॉलमधी बसलो, बेडरूममधी बसलो. ताट मांडून बसायला या घरात जागाच न्हाई. मी विच्यारलो तिला, तू जेवतीस कुठं? तर हसली. म्हनली, गॅसच्या वट्ट्यापाशी उभारूनच उरकते अप्पा, कोण हाय बगायला?"

त्यांनी एक घास खाल्ला. 

"मी रोज फोनवर विच्यारतो, जेवलीस का? ती म्हनते, जेवले. मला वाटायचं, जेवली. आता उभारून बगितलो तर कळालं, म्होरं निस्ती भिंत हाय. माजं लेकरू रोज भिंतीला तोंड करून जेवायलंय."

 म्हशीने रेघ पुसली होती तिथे मी उगाच पायाने फक्की सारखी करत राहिलो.

"आडवं उभारलं तर दोन माणसं मावतेत हितं," अप्पा म्हणाले. "मोजून बगितलो. तुमच्या मालकिनीच्या वितीनं. येकानं वट्ट्याला पाठ लावायची, मंग तोंडासमोर तोंड येतंय."

म्हणजे जायचं ठरलं होतं.  मी शहाणपणा करायला गेलो. म्हटलं, "अप्पा, उद्या तिकडंच काही बरंवाईट झालं तर? शेतातली जागा रिकामी ठिवलाव. काकू..."

 अप्पा ताटाकडे बघत राहिले.

"सकाळी जाऊन बोलून आलो तिच्याशी," ते म्हणाले. "ती थांबंल. दुकान बंद करून मी घरला येईस्तवर ती जल्मभर जेवायची थांबली. कितीदा म्हनलो, जेवून घे. न्हाई जेवली. तिला माजी वाट बगायची सवय हाय मास्तर." आणि म्हणाले, "लेकराला ती सवय कामून लावायची?"

त्यांनी वट्ट्याच्या रेघेला पाठ लावली. मला समोर उभं केलं, उरलेली भाकरी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली, वर चटणी ठेवली. आम्ही दोघं तसेच उभ्याने जेवलो. जागा पुरली.