किसनाचा खोकला

आमच्या कडावच्या धोंडूकाकांना रेडिओवरच्या बातम्यांशी काही देणंघेणं नव्हतं. बातम्यांच्या मधे कोण खोकतं, तेवढं ऐकायला ते येत. तो खोकला आपल्या मुलाचा, किसनाचा आहे, असं त्यांचं ठाम मत. किसना घर सोडून मुंबईला गेला, त्याला बरीच वर्षं झाली होती. पत्ता नाही, निरोप नाही. "बोलनारा दुसराच हाय वो," काका समजावत. "आमचा किसना त्याच्या मागं हुबा असतो."

ग्रामपंचायतीच्या ओट्यावर संध्याकाळी रेडिओ लागे. आधी सगळे हसले. मग एके दिवशी सायकलवाल्या बाळूलाही खोकला ऐकू आला. मग सरपंचांना. महिनाभरात बातम्या कोणी ऐकेनासंच झालं. "आज आवाज बसलाय पोराचा," "न्हाय, कफ सुटलाय," अशी चर्चा रंगे. कोणीतरी अडुळसा सुचवला, तेव्हापासून काका तांब्याभर काढा रेडिओपुढे ठेवू लागले. मी गावचा शाळामास्तर. "अहो, ती नुसती खरखर आहे," एवढंच बोललो, तर अख्खा ओटा माझ्यावर उलटला.

"मास्तर, कर्जतला जाऊन कान दाखवा," बाळू म्हणाला.

काका मात्र रेडिओवर हात फिरवत असत. "खोक रं बाबा, खोक. कुनी काय बोलनार नाय."

पुढे घरोघरी ट्रान्झिस्टर आले. मंडळी घरात बसून गाणी ऐकू लागली. तिथे कोणालाच खोकला ऐकू आला नाही, आणि त्याची कोणी चौकशीही केली नाही. पंचायतीचा रेडिओ बिघडला, तो तसाच पडून राहिला.

एका संध्याकाळी त्या मुक्या रेडिओपुढे काका एकटेच दिसले. समोर काढा. मी जाऊन शेजारी बसलो.

"भातगिरनीत माझ्यासंगं होता," ते आपणहून बोलले. "कोंडा नाकातोंडात जायचा, खोकायचा. मला वाटलं, कामाचा कंटाळा करतो. चार लोकांत कानाखाली वाजवली. म्हनलं, परत खोकलास तर घरात पाय ठेवू नको."

काकांनी बंद रेडिओला कान लावला.

"मास्तर, आलं का ऐकू?"

"आलं, काका."

"मंग बरा हाय ना वो तो?"