ग्लेनिसच्या डोळ्यावरची पैज

शेअरबाजारावर नजर ठेवण्याचा पगार घेणाऱ्यांनो, कीथ ओल्ड्रॉइडला तुम्ही बुडवलंत. शंभरातले सत्तर जण शेअरच्या भावावरच्या या पैजेत पैसे घालवतात, एवढं पैज घेणाऱ्या कंपनीच्या वेबपानाच्या डोक्यावर छापायला लावलंत आणि हात झटकलेत. विहिरीवर पाटी लावलीत, कठडा बांधला नाहीत.

कीथ इंग्लंडातल्या बार्न्सलीचा, एकतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला. बायको ग्लेनिसच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सरकारी दवाखान्याची रांग चौदा महिन्यांची, म्हणून एका डोळ्यापुरते सव्वीसशे पौंड साठवून खासगीत गुरुवारची तारीख घेतलेली. दुसऱ्या डोळ्याच्या काळजीनं कीथला झोप नव्हती. तेव्हा हिरवळीवर चेंडू घरंगळवायच्या बाउल्स क्लबातला ट्रेव्हर म्हणाला, "जोडीनं खेळ. दोन बिस्किट कंपन्यांचे शेअर धर. मैदा तोच, साखर तीच. मागे पडलेला ब्रॅमवेल चढेल यावर एक पैज, पुढे पळालेला टॅटरसॉल उतरेल यावर दुसरी. बाजार कुठंही जाऊ दे, एकाचा मार दुसरा झेलतो."

"म्हणजे धोका नाही?"

"दोन्ही पाय जमिनीवर असले तर माणूस पडतो का?"

सोमवारी सकाळी कीथनं डोळ्याचे सव्वीसशे पैज घेणाऱ्या कंपनीत भरले आणि दोन्हीकडे पॉइंटला दहा पौंड लावले. शेअर एक पौंड हलला की एक पॉइंट, अशी त्याची समजूत. चहा ओतून परत आला तर टॅटरसॉलसमोर लाल अक्षरात एकशे वीस पौंड तोटा.

पॉइंट म्हणजे पेनी होती, पौंडाचा शंभरावा भाग.

दुपारपर्यंत लाल आकडा चारशे ऐंशीवर गेला. शेजारी ब्रॅमवेलचा हिरवा नफा चारशे पन्नास. दोन्ही मिळून नुकसान फक्त तीस, पण घाबरलेल्या माणसाला हिरवं दिसत नाही. त्यानं ट्रेव्हरला फोन लावला.

"हात लावू नको, येड्या!" ट्रेव्हर ओरडला. "जोडी आहे ती!"

तेवढ्यात ग्लेनिस मागे येऊन उभी राहिली. "ते लाल लाल काय रे?"

"क्लबातलं... सामन्यांचं वेळापत्रक."

"मग एवढ्या घाईनं फोन का ठेवलास? हरलास की काय?"

ती वळली आणि कीथनं तोटा सोसून धाडकन लाल पैज मिटवली. स्क्रीनवर आता सगळं हिरवं. त्याला इतकं बरं वाटलं की त्यानं दोन बिस्किटं खाल्ली.

मंगळवारी सकाळी बातमी आली, साखरेवर नवा कर. ब्रॅमवेल कोसळला. टॅटरसॉलही तितकाच आपटला, पण त्यावरची पैज कीथनंच मिटवली होती. झेलणारा उरला नव्हता. तो माऊसवर हात ठेवून बसून राहिला, बोट काही दाबलं जाईना. अखेर भरलेले पैसे आटत आले तशी कंपनीनंच परस्पर पैज मिटवली. सव्वीसशेतले उरले सहाशे पौंड.

बुधवारी दुपारी जेवताना त्यानं सांगून टाकलं. ग्लेनिसनं काटा खाली ठेवला.

"माझा डोळा बिस्किटावर लावलास?"

"दोन्ही डोळे करायचे होते गं."

"आणि मला वेळापत्रक म्हणालास. मला दिसत नाही म्हणून." तिनं ताट बाजूला सारलं. मग चाचपडत उठली, दवाखान्याला फोन करून तारीख रद्द केली. रिसीव्हर ठेवते न ठेवते तोच फोन वाजला.

"मिस्टर ओल्ड्रॉइड आहेत का?" पैज घेणाऱ्या कंपनीतला कुणी हसरा पोरगा. "आमची सेवा कशी वाटली? दहापैकी किती गुण द्याल?"

कीथनं रिसीव्हर मागितला. ग्लेनिस खुर्ची ओढून बसली.

"मी त्याची बायको. गुण देते, बाळा. आधी एक सांग. माझा नवरा पैज हरला. मग जिंकलं कोण?"

"मॅडम, तसं... बाजारात..."

"बाजार नको सांगू. पैजेला दोन बाजू लागतात. एका बाजूला हा गाढव. दुसऱ्या बाजूला कोण होतं? तुम्हीच ना?"

पलीकडे कळफलक खडखडला. मग खाकरणं. "मला जरा बघून सांगावं लागेल, मॅडम."

"बघ की. तुला दिसतंय ना नीट? मी थांबलेय. बोल, कोण जिंकलं?"