विश्वासाचं चाक

"पैसे पाठवताना माणूस घाबरलेला असतो. त्याला वेग नको, धीर हवा!" हे वहिनीने घरात इतक्यांदा ऐकवलं होतं की नणंदेला ते तोंडपाठ झालं होतं. पैसे पाठवायच्या एका ॲपमध्ये स्क्रीनवर कुठे काय दिसावं, हे ठरवायचं वहिनीचं काम. खरं तर पैसे पापणी लवायच्या आत पोचत. पण इतक्या झटपट काम झालं की लोकांना शंका येते, म्हणून तिने पुढे एक हिरवं चाक फिरत ठेवलं होतं. निव्वळ देखावा! वर आणखी एक सोय : धास्तावून कुणी स्क्रीनला हात लावलाच, तर चाक पहिल्यापासून फिरायचं आणि खाली अक्षरं उमटायची, 'काळजी नको, आम्ही पुन्हा तपासतोय.'

तूर्त हे चाक फक्त तिच्याच फोनवर होतं. आज साहेबांनी होकार दिला तर ते सगळ्यांच्या फोनवर जाणार होतं. नाहीतर वर्षभराची मेहनत पाण्यात! या प्रसंगासाठी धुवायला टाकलेला एकुलता एक बरा कोट घ्यायला दोघी लाँड्रीत शिरल्या. वहिनीने ऐटीत पैसे पाठवले. चाक फिरू लागलं. लाँड्रीवाल्याचा फोन किणकिणला.

"आले ना पैसे?"

"आले. पण तुमचं चाक थांबू द्या की."

"अहो, आले म्हणताय ना?"

"माझ्याकडे आलेत हो. तुमच्याकडून जायचेत अजून!"

वहिनी शास्त्र शिकलेली. तिने हे वाक्य मनात दोनदा उलटसुलट करून पाहिलं आणि तिला गरगरायला लागलं.

"अडकलंय वाटतं," म्हणत लाँड्रीवाल्याने वहिनीच्या फोनवर बोट आपटलं. चाक पहिल्यापासून! "बघा, तोच म्हणतोय, पुन्हा तपासतोय!"

"हात लावू नका!" वहिनी किंचाळली.

रांगेतले आजोबा पुढे सरसावले. "का बरं? हात लावला तर काय उघडं पडणार आहे?" आणि त्यांनी लावलाच!

"वहिनी, मी बघू का जरा?"

"नको!" म्हणेपर्यंत नणंदेचंही बोट टेकलं होतं.

"अरे, ते चाक खोटं आहे!" वहिनीचा बांध फुटला. "मीच बसवलंय ते!"

लाँड्रीवाल्याने कोट हँगरसकट हळूच आपल्याकडे ओढला. "खोटं? कशासाठी?"

"तुमचा विश्वास बसावा म्हणून!"

"ताई, चाकावर बसलाच होता. आत्ता तुमच्यावरचा उडाला."

शेवटी नणंदेने पर्स उघडून रोख पैसे मोजले. "आधीचे पैसे, चाक थांबलं की घेऊन जा हं," लाँड्रीवाला मोठ्या मनाने म्हणाला. वहिनीने कोट अंगात चढवला, फोन खिशात कोंबला आणि धावत ऑफिस गाठलं.

"यानं लोकांचा विश्वास बसतो?" साहेबांनी विचारलं.

"बसतो," वहिनी धापा टाकत म्हणाली. "फारच बसतो, सर."

"छान! मग मंजूर!"

वहिनीने सुटकेचा श्वास सोडला आणि फोन टेबलावर ठेवला. खिशात घासून घासून चाक अजून फिरतच होतं.

"हे काय, अडकलंय का?" म्हणत साहेबांनी काळजीने बोट पुढे केलं.